पान चौदाचे शुद्धिपत्र

भिकन,

काल तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटले. जेवणावळ आटोपली, मंडपाच्या खुर्च्या टेम्पोत चढल्या, आणि निर्मलावहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावून एक सोळा पानांचे जुने पुस्तक हाती दिले. "हाई तुम्हनं दोन्हीसनं शे, मास्तर," एवढेच म्हणाल्या. मी ते उघडले आणि मला शिंक आली. एक नव्हे, लागोपाठ तीन. दुःखाच्या घरात असे शिंकणे बरे दिसत नाही म्हणून मी रुमालात तोंड लपवले, तर वहिनीच म्हणाल्या, "आजूनबी मिरची शे का तेमा?" आणि हसल्या. तुझ्या जाण्यानंतर त्या पहिल्यांदाच हसल्या, असे तुझ्या लेकीने मला नंतर सांगितले.

तुझी प्रेस नंदुरबारच्या मिरची बाजाराच्या मागच्या गल्लीत होती. हंगामात लाल धूळ दारातून आत यायची, शाईत मिसळायची, ओल्या कागदावर बसायची. तू छापलेली लग्नपत्रिका उघडताना यजमान शिंकत आणि तू त्याला शुभशकुन म्हणत असस. तीस वर्षांनंतरही ती धूळ त्या पानांत जिवंत आहे. तू नाहीस. पण मी आज तुझ्यासाठी रडायला बसलेलो नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे, जी तुला ठाऊक होती, आणि ठाऊक आहे हे तू मला कधी कळू दिले नाहीस.

आपण दोघे धानोऱ्याचे. एका बाकावर बसलो, एकाच गुरुजींचा मार खाल्ला. पुढे मी बी.एड. केले आणि तू मामाची छपाईची जुनी ट्रेडल मशीन घेऊन नंदुरबारला बसलास. मागे मशीन, पुढे टीव्ही. त्या टीव्हीला कॅसेटचा खेळ जोडलेला असे. छपाईला आलेला माणूस काम होईपर्यंत खेळत बसे आणि काम झाले तरी उठत नसे. बाजारातले हमाल, स्टेशनचे रिक्षावाले, ज्युनिअर कॉलेजच्या दोन धीट मुली, सगळे तिथे रांगेत बसत. सगळ्यांचा आवडता एकच खेळ होता. एक छोटा शिपाई किल्ल्यात शिरतो, सात टप्पे पार करतो आणि सातव्याच्या शेवटी त्याला राजाची घंटा वाजवायची असते. ती घंटा आपल्या गल्लीत कोणी ऐकलेली नव्हती.

गाईड काढायची कल्पना तुझी. ती तुला सुरतेने दिली. कागद आणायला तू भुसावळ-सुरत गाडीने जायचास आणि येताना रद्दीच्या दुकानातून परदेशी पुस्तके आणायचास. गुळगुळीत कागद, पानभर नकाशे, प्रत्येक दारामागे काय आहे याची चित्रे. टीव्हीवरचा खेळ कसा जिंकावा यासाठी कोणी तरी इतके देखणे पुस्तक छापले आहे, याचेच तुला अप्रूप वाटे. प्रस्तावना मी तुला मराठीत सांगत असे आणि तू ती पोथीसारखी ऐकत असस. त्यातूनच आपल्याला ही हकीकत कळत गेली. सुरुवातीला खेळणाऱ्यांनीच वहीच्या कागदावर नकाशे काढले आणि एकमेकांना दिले. मग मासिकांनी त्यांना कोपरा दिला. मग खेळ बनवणाऱ्यांनाच उमगले की वाट चुकलेला माणूस वाट विकतही घेतो, आणि कॅसेटच्या शेजारी जाडजूड पुस्तके मांडली जाऊ लागली. एका प्रस्तावनेत लेखकाने कबूल केले होते की त्याला खेळ अर्धवट तयार असतानाच लिहायला बसवले गेले. पुस्तक छापून होईपर्यंत खेळ बदलला, आणि त्याने दाखवलेले एक दार पक्क्या खेळात भिंत होऊन बसले.

तू पोट धरून हसला होतास. "म्हंजे तठेबी आपलासारखंच शे!" असे म्हणून मशीनवर थाप मारली होतीस. ती प्रस्तावना मी तुला पुन्हा तीनदा वाचून दाखवली. ती तुला का इतकी आवडली, ते तेव्हा मला समजले नाही.

आपले गाईड मी लिहिले. 'गाईड' या नावाचा एकच प्रकार मला माहीत होता, तो म्हणजे दहावीचा. म्हणून मी तसेच लिहिले. 'रिकाम्या जागा भरा: तिसऱ्या टप्प्यातील राक्षस ...... वेळा मारल्यावर मरतो.' 'कारणे द्या: दुसऱ्या टप्प्यात एका जागी थांबू नये.' 'फरक स्पष्ट करा: हिरवे फळ व लाल फळ.' हस्तलिखित वाचून तू कपाळाला हात लावलास.

"अरे मास्तर, लोके आठे जीव वाचाडाले येतस. कारणं देवाले नही."

"पण वाचणाऱ्याच्या डोक्यात पक्के बसते," मी म्हणालो.

"बशी जाई. मंग शिपाई मरना तर मार्क किती काटशी?"

तरी तू ते जसेच्या तसे छापलेस. शिशाचा एकेक खिळा जुळवलास. नकाशांचे ब्लॉक बनवून घेणे आपल्याला परवडण्यासारखे नव्हते, म्हणून जुन्या स्लिपरच्या रबरी तळव्यांवर कटरने किल्ला कोरलास. सहा टप्प्यांचे सहा नकाशे, तीन जोड्या स्लिपर. पुस्तकातला किल्ला थोडा पायाच्या आकाराचा दिसतो, तो त्यामुळे. काल पुन्हा पाहिला. टाचेपाशी रुंद, मधे निमुळता.

सातव्या टप्प्याचा नकाशा मात्र आपल्याजवळ नव्हता. त्या खेळाच्या, सुरतेहून आणलेल्या पुस्तकातली शेवटची पाने रद्दीवाल्याने काहीतरी बांधायला फाडली होती, उरलेल्या कपट्यावर डावीकडे एक विहीर तेवढी दिसत होती, आणि तोवर आपल्या दोघांपैकी कोणी सातव्या टप्प्यापर्यंत पोचले नव्हते. पान चौदा रिकामे राहणार होते. त्यावरून आपला वाद झाला. तो वाद मी आयुष्यात जिंकलेल्या वादांपैकी सर्वांत वाईट.

तुझे म्हणणे सरळ होते. "पान कोरं सोड. खाले लिख, आठेथीन पुढे तुम्हनं तुम्ही." काही परदेशी गाईडांतही शेवटचा टप्पा मुद्दाम राखून ठेवत, हे तुला प्रस्तावनांवरून ठाऊक होते आणि ते तुला फार भावले होते. तुझ्या मते वाट दाखवणाऱ्याने वेशीपर्यंत यावे आणि तिथून मागे फिरावे.

मला ते पटेना. मी शिक्षक होऊ घातलेला माणूस. आपल्या गुरुजींनी आपल्याला शिकवले होते, आणि मीही पुढे शेकडो पोरांना तेच शिकवले, की उत्तर येत नसले तरी प्रश्न कोरा सोडू नये. काहीतरी लिहावे. तपासणाऱ्याला वाटले तर अर्धा मार्क मिळतो. मी आधीचे सहा टप्पे मांडले, प्रत्येकात गुप्त दार डाव्या हाताला आहे हे दाखवले, आणि त्यावरून सातव्याचे उत्तर रचले: 'शेवटी डावीकडील विहिरीत उडी मारावी. तळाशी गुप्त दार आहे. तेथून घंटेकडे जाता येते.' वाक्यरचना निर्दोष होती. मजकूर तुझ्या हाती दिला तेव्हा तू एकच प्रश्न विचारलास.

"तू हाऊ टप्पा सोता खेळेल शे ना?"

"हो," मी म्हणालो.

भिकन, मी खोटे बोलायला सरावलेला नव्हतो. माझे कान लाल झाले असतील. तू क्षणभर माझ्याकडे पाहिलेस आणि खिळे जुळवायला बसलास.

गाईड गाजले. पंधरा-वीस दिवस आपण गल्लीतले मोठे लोक होतो. मग एके दुपारी रहीमभाई रिक्षावाले प्रेसमध्ये आले. त्यांनी गाईड रिक्षाच्या हँडलला सुतळीने बांधून ठेवले होते आणि सिग्नल नसलेल्या आपल्या गावात ते कुठेही थांबून वाचत. सातव्या टप्प्यापर्यंत पोचलेले ते पहिले. मी तुझ्या शेजारी स्टुलावर बसलो होतो.

"भिकनशेठ," ते अगदी शांतपणे म्हणाले, "तुम्हना गाईडवर इस्वास ठेईसनी मी तीन दिनपाईन इहीरमा पडी ऱ्हायनू. खाले दार नही. खाले काहीच नही. नुस्तं मरण शे."

रांगेतली माणसे हसली. कोणीतरी म्हणाले, "चाचा, पोहता येत नही का तुम्हले?" रहीमभाई हसले नाहीत. गाईड येण्याआधी पहिला टप्पा ओलांडायलाच त्यांना महिना लागला होता.

तू माझ्याकडे पाहिले नाहीस. पाहायला हवे होते, असे मला पुढे वर्षानुवर्षे वाटत राहिले. तू पाहिले असतेस तर मी बोललो असतो, अशी मी माझी समजूत घालत असे. आज ती समजूतही तपासून पाहिली. मी बोललो नसतो.

"छपाईनी चूक शे, चाचा," तू म्हणालास. "खिळा बदली गया. मन्ही चूक शे. बठा, चहा ल्या."

त्या आठवड्यात मशीनचे काम बाजूला ठेवून तू स्वतः तो खेळ खेळलास आणि वाट शोधलीस. ती विहिरीच्या तळाशी नव्हतीच. विहिरीवरून उडी मारायची नव्हती, आत मारायची नव्हती, काठावर नुसते उभे राहायचे होते. थोडा वेळ थांबले की एक फळी आपोआप खाली येई. रहीमभाईंना घंटा वाजवायला तूच शेजारी बसून मदत केलीस. त्या दिवशी मिरची बाजारातले चाळीसएक लोक दारात उभे होते. घंटेचा आवाज अगदी बारीक होता, सायकलच्या घंटीसारखा. रहीमभाई उठून प्रत्येकाशी हस्तांदोलन करत फिरले. तितका आनंद मी आमच्या शाळेच्या कोणत्याही निकालाच्या दिवशी पाहिलेला नाही.

मग तू चिठ्ठी छापलीस. बोटभर रुंदीची. 'शुद्धिपत्र: पान १४ वर मुद्रणदोषामुळे चुकीचा मार्ग छापला गेला आहे. विहिरीत उडी न मारता काठावर थांबावे. चुकीबद्दल मुद्रक दिलगीर आहे.' उरलेल्या प्रतींत तू ती खळीने चिकटवलीस. गेलेल्या प्रतींसाठी रिक्षास्टँडवर, बाजारात, कॉलेजच्या गेटवर जाऊन वाटलीस. मुद्रक दिलगीर आहे. तो शब्द जुळवताना तुझ्या मनात काय होते, हे विचारण्याइतका धीर मला कधी झाला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी कदाचित स्वतःला क्षमा केली असती. पण पुढच्या वर्षी मला शाळेत नोकरी लागली, पुरुषोत्तमनगरजवळ. पहिल्याच वर्षी वार्षिक अंकाच्या छपाईची बैठक झाली. मी तुझे नाव सुचवले. तेव्हाचे मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "ती मिरची बाजारातली प्रेस ना? त्यांच्याकडे चुका फार होतात म्हणे. खेळाच्या कुठल्याशा पुस्तकात चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या होत्या त्यांना."

एका वाक्याचे काम होते. 'सर, ती चूक माझी होती.' मी नवा होतो, माझी नेमणूक त्याच महिन्यात कायम व्हायची होती, आणि टीव्हीवरच्या खेळाचे गाईड लिहिणारा शिक्षक म्हणून ओळखले जाण्याची मला लाज वाटली. मी बिस्किट चहात बुडवले. ते तुटून कपात पडले. मी ते चमच्याने शोधत राहिलो आणि विषय पुढे गेला. अंक दुसरीकडे गेला, पुढे दरवर्षी तिकडेच जात राहिला. एका शाळेचे ऐकून दुसऱ्या शाळेनेही तसेच केले.

तुला सांगायला मी शनिवारी मुद्दाम आलो. निम्मेच सांगितले. 'शाळेचे काम तुला मिळाले नाही,' एवढेच.

तू मशीनला तेल घालत होतास. "बरं जयं," म्हणालास. "अंकना कागद मोठा ऱ्हास, मन्हं मशीन धाकलं. मन्हा हातथीन ते कसं व्हतं?"

तू मला सबब दिलीस. माझ्या बाजूने विचार करून, माझ्यासाठी सबब तयार करून, माझ्या हातात दिलीस. मी ती घेऊन बसने परत आलो.

यानंतर आपली मैत्री तुटली असेल असे कोणी समजू नये. ती उलट वाढली, आणि मला यातलेच सर्वांत अवघड वाटते. तुझ्या लग्नाची पत्रिका मी लिहिली, माझ्या मुलीच्या बारशाची तू छापलीस. सुरतेहून गाईडे आणणे तू सोडले नाहीस. खेळ बदलले, कॅसेटी जाऊन तबकड्या आल्या, पुस्तके जाड होत गेली, मग पुठ्ठ्याच्या बांधणीची, जपून ठेवण्याजोगी. आणि मग एकाएकी ती यायची थांबली. वाट आता पडद्यावरच फुकट मिळू लागली होती. ती छापणारी मंडळी एकेक करून बंद झाली. तू रद्दीवाल्याकडून आणलेल्या शेवटच्या पुस्तकावरचे प्लास्टिक काढले नाहीस. मी कारण विचारले तर म्हणालास, "ऱ्हाऊ दे. येक तरी वाट कोनी दखाडेल नको."

गेल्या महिन्यात तुझ्याकडे आलो तेव्हा तू मोबाईलवर कोणा परक्या पोराला खेळताना पाहत होतास. तो पोरगा एकेक दार उघडून दाखवत होता. मी म्हणालो, "हेच खरे गाईड. चुकायला जागाच नाही."

"तेच तर," तू म्हणालास. "व्हिडिओ हात धरीसनी चालाडस. गाईड नुस्तं बोट दखाडस. चालनं तुले पडस."

"आणि बोट चुकीचे दाखवले तर?"

मी हे मुद्दाम विचारले होते, भिकन. तीस वर्षांनी मी दाराशी आलो होतो. पुढचे वाक्य तयार होते. तेवढ्यात हळदीच्या कार्यक्रमाच्या पत्रिका न्यायला धडगावकडचे कोणी पाहुणे आले आणि तू "ऊनू हां" म्हणून उठलास. गठ्ठे बांधलेस, त्यांच्या कुळाची, गावाची चौकशी केलीस, त्यांना बसपर्यंत सोडायला गेलास. परतलास तेव्हा माझ्या गाडीची वेळ झाली होती. 'पुढच्या खेपेला,' असे मी मनात म्हटले. ते वाक्य मी तसेच घरी नेले.

आता कालच्या प्रतीविषयी. तुझी शिस्त मला ठाऊक होती. प्रत्येक कामाची एक प्रत प्रेसमध्ये राहायची, तिला तू फाइल कॉपी म्हणायचास आणि ती गिऱ्हाइकाकडे गेलेल्या कामासारखीच पक्की असली पाहिजे असा तुझा आग्रह असे. म्हणून मी पान चौदा उघडले तेव्हा तिथे ती चिठ्ठी चिकटवलेली असेल असे गृहीत धरले होते. ती नव्हती. म्हणजे होती, पण सुटी. दोन पानांच्या मधे नुसती ठेवलेली. तीस वर्षांत तिच्या मागे खळीचा थेंब लागला नव्हता. मी ती उलटी केली. मागे पेन्सिलीने, तुझ्या डाव्या बाजूला झुकणाऱ्या अक्षरात, एक ओळ होती.

'मास्तर सांगी, तव्हय चिटकाडसू.'

मास्तर सांगेल, तेव्हा चिकटवीन.

वहिनींनी दोनदा डोकावून पाहिले. मला वाटले होते की असे काही हाती आले तर मी कोसळेन. तसे झाले नाही. उलट, आयुष्यात फार थोड्या वेळा आले आहे असे एक स्वास्थ्य मला आले. तू माझे खोटे स्वतःची चूक म्हणून जगासाठी छापलेस, हातोहात वाटलेस, त्यापायी कामे गमावलीस. पण स्वतःच्या प्रतीत ते चिकटवले नाहीस. आणि माझ्यावर रागावूनही बसला नाहीस. विहिरीच्या काठावर नुसता उभा राहिलास. थांबले की फळी येते, हे तुला ठाऊक होते. उशीर मी केला.

आपला वादही माझ्या बाजूने मिटलेला नाही, हे मला मान्य आहे. पान कोरे सोडायला हवे होते. गेली काही वर्षे मी वर्गात पोरांना सांगतो की उत्तर येत नसेल तर 'येत नाही' असे लिहिले तरी चालेल, मी रागावणार नाही. माझे सहकारी यावर हसतात. हे तुझ्यामुळे आहे, हे त्यांना आता हा लेख वाचून कळेल, कारण मी तो आमच्या शाळेच्या वार्षिक अंकासाठीच देतो आहे. ज्या अंकाच्या बैठकीत मी गप्प बसलो, त्याच अंकात. संपादक मंडळात आज मीच ज्येष्ठ आहे. अडवणारे कोणी नाही, आणि असते तरी या वेळी मी बिस्किट बुडवले नसते.

आज सकाळी वहिनींकडून वाटीभर खळ करून घेतली. मैदा, पाणी, चिमूटभर मोरचूद, तू करायचास तशी. तुझी जुनी चिठ्ठी मी चिकटवली नाही, ती तुझ्या ओळीसकट माझ्याजवळ ठेवतो. तिच्या मापाची दुसरी चिठ्ठी मी माझ्या हाताने लिहिली, कारण खिळे जुळवायला आता कोणी नाही. पान चौदावर लावली, वर तुझे ते प्लास्टिक न काढलेले जाड पुस्तक दाब म्हणून ठेवले. वाळायला दुपार लागेल. तिच्यावर लिहिले आहे ते असे:

'शुद्धिपत्र: पान १४ वरील मार्ग लेखकाने सातवा टप्पा न खेळता, मनाने रचून लिहिला. मुद्रकाने विचारले असता लेखक खोटे बोलला. छपाई निर्दोष आहे.'